छोट्या गाडीचं लाकूड, खालच्या अंगाने

डहाणूहून परत आले तेव्हा शेजारणींनी पहिलं विचारलं ते, चिकू आणलेत का. आणले होते, पेटीभर. ते वाटून झाले, खाऊन संपले, आणि मग एकीने विचारलं, पण या वयात तुम्ही एकट्या तिकडे गेलात कशाला? ते सांगायला बसलं की चहा गार होतो, म्हणून म्हटलं लिहूनच काढू. माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं जे वाचन झालं ते वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. तेव्हा शुद्धलेखनाला हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, छोट्या गाडीवर मुकादम होते. डहाणूहून गंजाडच्या अंगाला जंगलात जाणारी एक बारकी रेल्वे होती. जेमतेम दोन फुटांवर दोन रूळ, आणि त्यावर किटलीएवढं इंजिन. सागाचे ओंडके नि गवताचे भारे आणायची, आणि शेपटीला एक डबा माणसांचा. मी बारा वर्षांची असताना ती बंद पडली. अण्णांची नोकरी गेली, आम्ही नाशिकला आलो. तिथेच माझं लग्न झालं आणि तिथेच मी म्हातारी झाले.

आता तीच गाडी सरकारने पुन्हा बांधायला घेतली आहे, पर्यटकांसाठी. हे मला सविताकडून कळलं. सविता म्हणजे माझ्या लहानपणच्या मैत्रिणीची, लखमीची, सून. लखमीचा बाप लाडक्या हा अण्णांच्या हाताखाली रुळावर काम करायचा. सविता दोन वर्षांपूर्वी द्राक्षाच्या बागेत कामाला नाशिकला आली होती, तेव्हा तिने विचारत विचारत माझं घर काढलं. दारात उभी राहून म्हणाली, "गंजाडच्या मुकादमाची कुसूम तुम्हीच ना? आमच्या आयनं तोंड बघून यायला सांगितलंय." सासूला ती आयच म्हणते. तेव्हापासून आमचे फोन चालू.

या पौषात तिचा फोन आला. "मावशी, गाडीचं काम तपासायला ग्रामसभेनं समिती केली. ठेकेदाराचं शेवटचं बिल आलंय. काम पुरं नि बरोबर झालं, असं समितीनं लिहून दिलं की पैसे सुटतात. आय पण समितीत हाय. सगळे सही करायला तयार, पण आय अंगठा देत नाय. म्हणते, कुसूमला बोलवा, तिला लाकूड कळतं."

मला लाकूड कळतं! आयुष्यभर मी रॉकेलच्या नि मग गॅसच्या शेगडीसमोर उभी. पण लखमीने म्हटलं ना, मग कळत असेलच. मुलगा म्हणाला, आई, गुडघे बघ. म्हटलं, बघितलेत, तेही येतायत.

डहाणू

पोचायला संध्याकाळ झाली. गंजाडची बस निघून गेली होती. मुलाने आधीच शहाणपणा करून समुद्राजवळ, चिकूच्या वाडीत, एका हॉटेलात एका मुक्कामाचं सांगून ठेवलं होतं. मालक फिरोजभाई. केस पांढरे, पोट पुढे, आणि तीन भाषा एकाच वाक्यात.

"आवो माई, बसो. थकला तुम्ही. पातीचा चा पिणार ने?"

पातीचा चहा म्हणजे गवती चहा नि पुदिना घातलेला. आमच्याकडे नाशिकला आलं ठेचून घालतात, घशात चटका बसला की चहा झाला म्हणायचं. इथला चहा पिताना वाटलं, कुणीतरी कपाळावर गार हात ठेवला. दुसरा कपही घेतला.

डहाणू ओळखीचं राहिलंय का, असं विचाराल, तर डोळ्यांना नाही, नाकाला आहे. खाडीकडून तोच सुक्या बोंबलांचा वास आला. बांबूंच्या उभ्या-आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, दोन-दोन तोंडात तोंड अडकवून, जसे लहानपणी पाहिले होते. तसे कपडे वाळत घालते म्हणून सासूबाई मला बोलायच्या. बाजारात मराठी विचारावं तर गुजरातीत उत्तर, आणि पैसे मोजताना हिंदी. पण कुणाचं काही अडत नाही.

रात्रीच्या जेवणाला फिरोजभाईंनी खिचडी नि कोलंबीचा पातिया, म्हणजे पारशी कालवण, दिलं. आंबट, गोड, तिखट, तिन्ही एका घासात. जेवण यायला वेळ लागला. तोवर मी आपली एका जड, लांबलचक टेबलाशी बसले होते. फिरोजभाई टेबलावर थाप मारून म्हणाले, "माई, जुना साग हां! चार जणांना उचलत नाय. आता असं लाकूड मिलतच नाय." मी हो हो म्हटलं. मला एक वाईट सवय आहे, कुठेही बसले की बोटं खालून काहीतरी चाचपत राहतात. साडीची किनार, खाटेची नवार, काहीही. टेबलाच्या खालचं अंग खडबडीत होतं, त्यावर काही चरे होते. बोटं त्यांवरून जात-येत राहिली. माझं सगळं लक्ष पातियाच्या वासाकडे.

गंजाड

दुसऱ्या दिवशी सकाळी सविता मला घ्यायला आली. रिक्षा कोसबाडच्या चढावरून निघाली तेव्हा मी रुळांची खूण शोधत होते. कुठेकुठे भातखाचरांच्या मधून एक सरळ, उंच बांध गेलेला दिसायचा. शेतकरी बांध वेडेवाकडे घालतात, इतका सरळ बांध साहेबाचाच. तोच गाडीचा रस्ता.

लखमीच्या पाड्यावर उतरलो. लखमी दारात उभी. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा तिच्या नाकातून शेंबूड येत होता. आता तोंडात दात नाहीत. तिने मला खालून वर पाहिलं आणि म्हणाली,

"काय गं कुसूम, किती म्हातारी झालीस!"

"आणि तू काय कवळी आहेस?"

"मी हाय ती हायच. तू नासकला जाऊन पण अशीच झालीस, मग गेलीस कशाला?"

हसतच मी घरात शिरले आणि माझा पाय सरळ एका चरात गेला. घोटा मुरगळला, हातातली पिशवी उडाली, चिवडा अंगणभर. कोंबड्यांची चंगळ झाली. दाराच्या चौकटीखाली वीतभर खोल, आडवी मोकळी जागा होती. उंबरठ्याची जागा, पण उंबरठा नव्हता.

लखमीने घोट्याला तेल चोळलं. मी पाय लांब करून बसले आणि घरातल्या माणसांची ये-जा बघत राहिले. एक गंमत दिसली. सविता आत आली, पाय उचलून. शेजारीण ताक मागायला आली, पाय उचलून. उंबरठा नाही, तरी जो तो त्या जागी पाऊल उंच घेऊन आत येत होता. कुत्रासुद्धा. पडले ती मी एकटीच, कारण मला त्या घराची सवय नव्हती.

"लखमी, उंबरा कुठं गेला?"

"तेच तर सांगायला बोलवलंय तुला."

नागलीची भाकर, उडदाची डाळ आणि सुकटाची चटणी खाता खाता तिने सांगितलं. गाडी बंद पडली तेव्हा साहेबाने रुळावरच्या माणसांना शेवटच्या पगाराच्या जोडीने स्लीपर दिले होते. रुळांखाली आडवं टाकतात ते लाकूड, अस्सल साग, वर डांबराचा हात. कुणी त्याचे खांब केले, कुणी तुळई केली. लाडक्याने आपल्याच हातचा एक स्लीपर उंबऱ्याला घातला. "बाप म्हणायचा, गाडी माझ्या लाकडावरनं जायची, आता माझी लेकरं जातील." लखमीचा नवरा घरजावई आला, लग्न त्या उंबऱ्यावरच झालं, बापाला त्यावरूनच बाहेर नेलं.

दोन वर्षांपूर्वी ठेकेदाराची माणसं पाड्यावर आली. सरकारला गाडी होती तशी बांधायची आहे, म्हणून जुनेच स्लीपर हवेत, म्हणाली. पाड्यातल्या घराघरांनी स्लीपर काढून दिले. कुणी पैसे मागितले नाहीत. लखमीने तर स्वतः पहार लावून उंबरा उपटून दिला.

"मला बोलले, आजी, तुझ्या बापाचं लाकूड परत गाडीखाली जाईल. मला काय पायजे होतं दुसरं?" ती म्हणाली. "पण कुसूम, मी रुळावर जाऊन बघितलं. एकदा नाय, दहादा. माझं लाकूड मला कठं दिसत नाय. परवा ग्रामसभा हाय. अंगठा दिला की संपलं. मग कोण शोधणार?"

सविताने बिलाची नक्कल काढली. त्यात साधं लिहिलं होतं: जुने सागवानी स्लीपर गोळा करणे, तासणे, बसवणे. नग इतके, दर इतका. फुकट दिलेल्या लाकडाचा दर! पण लखमीचं बोट त्या आकड्यावर नव्हतं. तिला वाचता येत नाही. तिचं बोट दाराकडे होतं.

इथे मला तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. अण्णांच्या हाताखालच्या माणसांपैकी कुणालाच लिहिता येत नव्हतं. कुठला स्लीपर कुणी बसवला, कुणाचा खचला, हे ओळखायचं कसं? वर खूण केली तर साहेब ओरडायचा, लाकूड कापू नका म्हणून. मग त्यांनी युक्ती काढली. प्रत्येकाने आपली खूण स्लीपरच्या खालच्या अंगाला, जिथे साहेबाची नजर जात नाही तिथे, छिन्नीने कोरायची. कुणाचा चंद्र, कुणाची शिडी, कुणाचं धनुष्य. लाडक्याची फणी. एक लांब रेघ आणि तिला पाच दात.

पावसाळा सरला की खचलेले स्लीपर उपटून उन्हात टाकायचे. ते आमचे खेळायचे दिवस. डोळे मिटायचे, लाकडाखाली हात घालायचा आणि बोटांनी सांगायचं, कुणाचं. लखमी कधी चुकली नाही. मी मात्र रडायचे, कारण सगळ्या पोरांच्या बापांची खूण होती, माझ्या बापाची नव्हती. मुकादमाला खूण नसते, तो नुसता बघतो. मग लखमीने एकदा मला सांगितलं, "फणी आपली दोघींची. तीन दात माझे, दोन तुझे." साठ वर्षं झाली, मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

त्याच दुपारी, रुळावर

स्टेशन मात्र छान बांधलंय, उगाच नावं ठेवणार नाही. कौलं, लोखंडी बाक, पाण्याची टाकी, सगळं फोटोत दिसावं तसं. तिथे सरकारी इंजिनिअर होता, सोलापूरकडचा तरुण पोरगा. आधीच्या साहेबाची बदली झाल्यावर आलेला. मला बसायला खुर्ची दिली, आजी आजी करत पाणी आणलं.

आणि मी काय केलं, ते सांगायला लाज वाटते. मी फलाटासमोरचे स्लीपर पाहिले. गुळगुळीत, चकाकणारे. माझ्या आठवणीतले स्लीपर काळेकुट्ट, तडे गेलेले. मी काठी आपटून म्हणाले, "हे नवं आहे! हे आमच्या गाडीचं लाकूडच नव्हे. मी मुकादमाची मुलगी आहे, मला सांगू नका!" समितीतले चार-पाच जण भोवती. सगळे माझ्याकडे बघतायत. मला कोण अभिमान!

इंजिनिअर शांतपणे म्हणाला, "आजी, एक उपटून दाखवू?" दोन माणसांनी खिळे काढले, स्लीपर उलटा केला. खाली चंद्र. स्वच्छ कोरलेला, डांबर भरलेला चंद्र.

मला जमीन दुभंगावी असं झालं. सविताने मान खाली घातली. समितीतला एक काका म्हणालाच, "नाशिकवरनं माणूस आणला, त्यानं तर ठेकेदारालाच खरं ठरवलं." लखमी तेवढी खो खो हसली.

"कुसूम, तू लहानपणी पण अशीच. हात घालायच्या आधीच वरडायचीस."

"मग तू बोल ना!"

"मी बोलत नाय. मी चालते."

आणि ती चालायला लागली, अनवाणी, रुळांच्या मधून. आम्ही मागे, मी लंगडत. फलाट संपला, टाकी गेली, रूळ एका आंब्याच्या झाडापाशी वळले. जिथून स्टेशन दिसेनासं होतं तिथे लखमी थांबली. "इथला काढ."

काढला. खाली काही नाही. नुसतं कोरं, फिकं लाकूड, वरून काळं तेल चोपडलेलं. पुढचा काढला, तोही तसाच. त्याच्या पुढचाही. नखाने दाबलं तर नख रुतलं. सागात नख रुतत नाही.

इंजिनिअर उकिडवा बसला. चेहरा उतरला बिचाऱ्याचा. "मी नग मोजले होते," तो म्हणाला. "नग बरोबर आहेत. खालची बाजू मोजमापाच्या वहीत येतच नाही, आजी."

"आमच्या येते," लखमी म्हणाली.

माझ्या लक्षात आलं, आपण फसवणूक शोधायला गेलो ती आपल्या आठवणीत. आठवणीतलं लाकूड काळं होतं, म्हणून चकाकणारं खोटं. खरं तर तासलं की जुना सागही चकाकतो. लखमीला आठवण कमी नव्हती, पण ती हातापायांनी बघत होती. तरी ती खूश नव्हती. चोरी सापडली म्हणून बाकीचे बोलू लागले, ती वाकून पुढचा स्लीपर चाचपू लागली. तिचं लाकूड अजून सापडलं नव्हतं.

तलासरी

पाड्यातल्या कुणीतरी जुन्या स्लीपरांचा ट्रक हायवेने तलासरीकडे जाताना पाहिला होता. एवढ्या धाग्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही तिघी तलासरीला निघालो. लखमी खिडकीशी बसली होती. मोठमोठे ट्रक बघून म्हणाली, "हे सगळे कठं जातात गं एवढ्या घाईत?" मी म्हटलं, अहमदाबादला. "आणि तिथनं इकडं येणारे?" मुंबईला. "मग तिथंच का नाय राहत?" 

हायवेच्या कडेला जुन्या लाकडाची एक वखार सापडली. मोडलेले दरवाजे, गलबतांच्या फळ्या, वाड्यांचे खांब, आणि करवतीचा आवाज. मालकाने आम्हाला गिऱ्हाईक समजून स्टूल दिलं. आम्ही गिऱ्हाईक नाही हे कळूनही स्टूल काढून घेतलं नाही, हे त्याचं चांगलं.

"स्लीपर? आले होते ने, बेन. पक्क्या बिलानं घेतले. मी कशाला चोरी करू? टेबलं केली, हॉटेलवाले नेतात. पाच-सहा फळ्या जोडायच्या, वरून रंधा मारायचा, पॉलिश. काच जसी!"

"आणि खालून?" मी विचारलं.

तो हसला. "खालून कोण बघतंय, बेन? खालून जसं हाय तसं सोडतो. जेवणारा माणूस टेबलाखाली थोडाच जातो?"

तो पुढेही काही बोलत होता, पण मला ऐकू येईना. माझी बोटं पदराच्या काठाखाली आपोआप हलायला लागली होती. एक लांब. मग आखूड, आखूड, आखूड, आखूड, आखूड. पातियाची वाट बघताना अर्धा तास मी तेच तर करत होते! लहानपणी डोळे मिटून जे शिकले ते बोटांना आठवलं होतं, आणि मी आपली कोलंबीच्या वासात.

"लखमी," मी म्हणाले, "तुझा उंबरा मी पाहिलाय. म्हणजे पाहिला नाही. त्यावर जेवले मी."

लखमी माझ्याजवळ सरकली. मग म्हणाली, "कसं होतं जेवण?"

पुन्हा डहाणू

फिरोजभाई दुपारचं जेवण आटपून आरामखुर्चीत टेकले होते. तीन बायका, त्यातली एक लंगडी, वाडीतून तरातरा येताना पाहून ते उठले. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांना त्यातलं निम्मंच कळलं असावं.

"माई, टेबल मी पैसा देऊन घेतला. बिल हाय माझ्याकडे."

"बिल असूं द्या, शेठ," लखमी म्हणाली. "मला नुसतं खाली जाऊं द्या."

आणि ती खुर्च्या सारून टेबलाखाली शिरली. पाठीवर झोपली, हात वर केले. मीही शिरले. गुडघ्यांनी नको ते आवाज केले, घोट्याने तर बोंबच मारली, पण शिरले. दोघी म्हाताऱ्या फरशीवर उताण्या, आणि डोक्यावर हॉटेलचं टेबल. बाहेरून नुसते आमचे पाय दिसत असतील. एक गिऱ्हाईक येऊन परत गेलं, असं सविताने मागाहून सांगितलं.

लखमीने डोळे मिटले होते. हात एकेका फळीवरून गेला. "ही शिडी. काकड्याची. हे धनुष्य. हे..." आणि हात थांबला. तिने माझा हात धरून तिथे नेला.

फणी. वरच्या बाजूला लाकूड काचेसारखं तासलेलं, आणि खाली साठ वर्षांपूर्वीचं डांबर जसंच्या तसं त्या पाच दातांत.

"तीन माझे," ती हळूच म्हणाली.

"दोन माझे," मी म्हणाले. 

वरून आवाज आला. "अरे, काय चाललंय?" आणि मग खुर्ची सरकली, धापा टाकण्याचा आवाज झाला, आणि फिरोजभाईंचं मोठं, लालबुंद तोंड टेबलाखाली आलं. लखमीने त्यांचंही बोट धरून त्या खाचांवरून फिरवलं. मग त्यांनी ते आपलं आपण पुन्हा एकदा फिरवलं.

"माई," ते म्हणाले, "मी रोज या टेबलावर हिसाब लिहितो. मला खबर नाय, खाली कोणी आधीच लिहून ठेवलंय."

त्यांनी बिल काढलं. वखारवाल्याचं नाव, मालाचं वर्णन, ट्रकचा नंबर. आणि उद्या ग्रामसभेला मी स्वतः येतो, टेबल घेऊन येतो, असं म्हणाले. रात्री त्यांनी जेवणाचे पैसे घेतले नाहीत. लखमी टेबलाला टेकून खाली बसून जेवली. वर बसायला तयारच होईना. "बापाच्या डोक्यावर ताट ठेवून जेवू?" म्हणाली. आम्ही सगळेच मग खाली बसलो.

ग्रामसभा

चौथ्या दिवसाचं थोडक्यात सांगते. पाड्याच्या चिंचेखाली टेबल उलटं ठेवलं, पाय आभाळाकडे करून, एखादं जनावर लोळावं तसं. माणसं रांगेने येत होती, हात लावत होती, आपापल्या बापाआज्याची खूण शोधत होती. एक म्हातारी चंद्र शोधत होती, तिला सापडला नाही. ती जागेवर जाऊन बसली. तिचा चंद्र कदाचित स्टेशनासमोर रुळाखाली असेल, असं सविता तिला सांगायला गेली, तर म्हणाली, "तिथं असेल तर असूं दे. तिथंच जायला पायजे होता."

ठेकेदाराचा माणूस आला होता. कराराप्रमाणे नग पूर्ण आहेत, म्हणाला. तेव्हा तो सोलापूरचा इंजिनिअर उठला. मला वाटलं, आता हाही तेच म्हणेल. तो म्हणाला, "नग पूर्ण आहेत हे मीच लिहिलं होतं. मी वरून मोजले. आता समितीसोबत खालून मोजतो, आणि तसं लिहून देतो."  त्याला पुढे काय भोगावं लागेल देव जाणे, पण मी मनातल्या मनात त्याची दृष्ट काढली.

बिल थांबलं. ठरावात असं लिहिलं की सगळे स्लीपर उलटून बघितल्याशिवाय काम पुरं झालं असं कुणी लिहून देणार नाही. सविताने ठराव मोठ्याने वाचला. समितीने सह्या केल्या. लखमीने अंगठा दिला, पण आधी दोनदा विचारून, "हा कशाचा अंगठा? थांबवायचा ना? नक्की?"

पुढे काय होईल ते मला माहीत नाही. गाडी कधी सुरू होईल, चोर सापडेल की नाही, मला सांगता येणार नाही. निघताना लखमीने पिशवीत नागलीचं पीठ घातलं आणि मी दारातून बाहेर आले ती, बाई गं, पाय उचलून! तेवढ्या दोन-तीन दिवसांत मलाही सवय लागली होती.

परवा सविताचा फोन आला. फिरोजभाईंनी सुतार लावून टेबलातली लखमीची फळी सोडवली आणि आणून दिली. टेबलाला आता मधोमध वीतभर फट आहे. गिऱ्हाइकांना ते सांगतात, इथून डहाणूची गाडी जायची, ताट जपून ठेवा.

"म्हणजे उंबरा बसला?" मी विचारलं.

"कुठला, मावशी! चौकशी पुरी होईपर्यंत फळी पंचायतीच्या हापिसात ठेवायची, असा हुकूम आलाय. पुरावा म्हणून. लेबल लावलंय तिला."

माझं मन खट्टू झालं. "मग लखमी काय म्हणते?"

सविता हसायला लागली. "आय रोज सकाळी भाकर बांधून हापिसात जाते नि त्या फळीवर जाऊन बसते. संध्याकाळी बंद व्हायच्या टायमाला घरी. काल ग्रामसेवक बोलले, आजी, उठा, तो पुरावा आहे, त्यावर बसायचं नसतं."

"मग?"

"आय बोलली, माझं लगीन त्याच्यावर झालं नि त्याच्यावरनंच गेला माझा बाप. मी पण पुरावाच हाय. मला पण लेबल लाव."